जुन्या सिस्टिमचा पासवर्ड

प्रिय मिस्त्री,

तू नवा पत्ता कळवलास त्याला वर्ष होऊन गेलं. उत्तर लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा 'प्रिय' या शब्दापुढे अडलो. जावईबापू लिहावं तर आता तसं लिहिता येत नाही. नुसतं नाव लिहावं तर वीजबिलावरच्या नावासारखं कोरडं दिसतं. शेवटी पुढच्या खोलीतल्या दुकानात तुला हाक मारायचो तेच आज लिहिलं. ऑफिसात टाय लावून बसणारा माणूस आमच्याकडे आला की टेबलाखाली आडवा व्हायचा, ओठात स्क्रू धरून वायरी जोडायचा, म्हणून मिस्त्री. उशीर झाला त्याचा राग धरलास तर तोही मान्य आहे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझं काम तुझ्यावाचून अडलं आहे.

फोन का केला नाही असं म्हणशील. फोनवर मला सुचत नाही हे तुला माहीत आहे. पलीकडचा माणूस 'बोला' म्हणाला की माझ्या डोक्यातलं सगळं पळून जातं. शिवाय घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि मग प्रत्येकाचं मत ऐकावं लागतं. आमची ही तर मी 'हॅलो' म्हणायच्या आत 'कोण आहे' असं विचारते.

तर काम असं. तू आणून दिलेला कॉम्प्युटर बंद पडला आहे. बंद म्हणजे चालू आहे, पण आत शिरू देत नाही. दारात उभा करून पासवर्ड विचारतो आणि तो पासवर्ड तुझा आहे. एवढं एका ओळीत लिहून पाकीट चिकटवता आलं असतं, पण मग असं कसं झालं हे तुला कळणार नाही आणि तू मलाच वेड्यात काढशील. आमच्या घरातले सगळे सध्या तेच करत आहेत.

तो कॉम्प्युटर तुमच्या ऑफिसने भंगारात काढला होता आणि तू तो मांडीवर घेऊन रिक्षातून आणलास, आठवतं ना. पाट्या कोरायचं मशीन मी त्याआधी घेतलं होतं, पण ते एकटं काही करीना, त्याला सांगणारा कॉम्प्युटर लागतो. तू तीन रविवार खपलास आणि शेवटी म्हणालास, 'बाबा, आता ही दोघं एकमेकांशी बोलतात. यांच्या मध्ये पडू नका.' त्या दिवसापासून इतकी वर्षं मी मध्ये पडलो नाही. सकाळी बटण दाबायचं, निळं चित्र यायचं, कोपऱ्यातल्या करवतीच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारायची, अक्षरं भरायची. पत्रा चिमट्यात आवळायचा, मशीनच्या कोरणाऱ्या टोकाखाली पातळ कागदाचा कपटा धरायचा, कपटा अडकला की टोक बरोबर उंचीवर आलं. मग हिरवं बटण. डॉक्टर, वकील, बंगले, शाळेच्या खेळातल्या ढाली, सगळं त्याच्यावर झालं. माझा उजवा हात आता कामाचा राहिलेला नाही, पेला धरला तर पाणी सांडतं, त्यामुळे छिन्नी घेऊन हाताने कोरायचे दिवस गेले. मशीन आहे तर मी पाटीवाला आहे. नाहीतर मी पुढच्या खोलीत बसून रस्ता बघणारा म्हातारा.

गेले काही महिने कॉम्प्युटर सुरू केला की एक पिवळी चौकट यायची. तुमची सिस्टिम जुनी झाली, आता तिची काळजी कुणी घेणार नाही, चोर शिरतील, असं काहीतरी. मी तिच्या फुलीवर टिचकी मारायचो आणि कामाला लागायचो. दारावर रोज सकाळी येणाऱ्या विक्रेत्याला आपण नको म्हणतो तसं. पण एका रविवारी मास्तर शेजारी उभे होते, त्यांनी ती चौकट वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

मास्तर कोण ते सांगायला हवं. ते शाळेत विज्ञान शिकवतात आणि आपल्या मुलीच्या ओळखीचे आहेत. हल्ली रविवारी येतात. माणूस वाईट नाही. चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळून ठेवतात, त्यामुळे हिने त्यांना तिथल्या तिथे पास करून टाकलं. मला त्यांचा एकच त्रास, ते प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं ना, बाबा?' असं विचारतात. समजलं म्हटलं तर पुढचं सांगतात, नाही म्हटलं तर मागचं परत सांगतात. सुटका कुठूनच नाही. ते म्हणाले, 'बाबा, ही सिस्टिम धोकादायक आहे. मी नवी घालून देतो. समजलं ना?' मी म्हटलं, चाललंय ते चालू द्या. तेवढ्यात मुलगी आतून म्हणाली, 'करू दे ना बाबा, कुणी आपणहून काही करतंय तर.' त्या 'कुणी'त इतकं काही होतं की मी उठून मास्तरांना खुर्ची दिली.

त्यांनी रविवार घालवला. कानातला मळ काढायच्या काड्या घेऊन पंख्यातली धूळ काढली, पडदा ओल्या फडक्याने पुसला, मग नवी सिस्टिम घातली. माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं, त्याला नवा पासवर्ड लावला आणि शाळेतल्या पाढ्यासारखा तो माझ्याकडून म्हणून घेतला. सगळं गुळगुळीत दिसायला लागलं, रंग बदलले, चिन्हं मधोमध आली. सगळे खूश. ही म्हणाली, 'बघा, घर रंगवल्यासारखं वाटतंय.' आणि सोमवारी सकाळी मी पत्रा आवळला, कपटा धरला, हिरवं बटण दाबलं, तर मशीन ढिम्म. कॉम्प्युटर म्हणतो, मशीन कुठे आहे? दोन हातांवर समोर बसलंय, वायर पोटात खुपसलेली आहे, आणि हा विचारतो कुठे आहे. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या माणसाने एका सकाळी ओळखच दाखवू नये तसं.

मी काय काय केलं ते लिहीत बसत नाही. वायर काढून घातली, दुसरी घातली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, मशीनच्या डोक्यावर थाप मारली. ही म्हणाली, 'नाचता येईना अंगण वाकडं.' मी म्हटलं, अंगण रविवारी वाकडं झालंय, त्याआधी मी बरा नाचत होतो. शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, 'काका, तुमचं मशीन जुनं आहे, नव्या सिस्टिमला ते ओळखता येणार नाही. पण घाबरू नका, जुनी सिस्टिम काही दिवस आतच ठेवलेली असते. मागे जायचं एक बटण आहे, ते दाबा. उशीर केलात तर मात्र ते बटणही जातं.' म्हणजे बघ, घाईही त्या दुरुस्तीवाल्यानेच लावली.

मास्तरांना सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण त्या माणसाने आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी केलं होतं आणि तेच मी उलटवायला निघालो होतो. मुलीला कळलं असतं तर ती म्हणाली असती, 'तुम्हाला त्याचं काहीच नको असतं.' म्हणून ती ऑफिसला गेल्यावर दुपारी ही पडली असताना मी एकटा बसलो. बटण सापडलं. मग एकेक चौकट यायला लागली. इंग्रजी मला पाटीवर कोरण्यापुरतं येतं, अक्षरं मी ओळखतो, अर्थ गिऱ्हाइकाला माहीत. पहिली चौकट आली, मी हो केलं. दुसरी आली, हो. तिसरीत बरंच लिहिलं होतं, तीही हो.

आता हस मला. दुकानाचा नियम तुला तोंडपाठ आहे. कोरण्याआधी गिऱ्हाइकाने मजकूर अक्षर अक्षर मोठ्याने वाचायचा, मग मी वाचायचा, मग घरातल्या तिसऱ्याने वाचायचा, आणि तिघांचं एक झालं तरच हिरवं बटण. तू या नियमाला 'तीन न्यायाधीश' म्हणायचास. पत्र्यावर एकदा कोरलेलं पुसता येत नाही म्हणून सगळ्या गावाला वाचायला लावणारा मी, स्वतः न वाचता हो, हो, हो करत गेलो. त्या तिसऱ्या चौकटीत लिहिलं होतं की मागे गेल्यावर जुना पासवर्ड लागेल, तो ठाऊक आहे ना? दुरुस्तीवाल्याने नंतर सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कॉम्प्युटर पुष्कळ वेळ गुरगुरला, अंधारला, उजळला, आणि निळं चित्र आलं. खरं सांगतो, मला भरून आलं. पण चित्रासमोर एक रिकामी पट्टी आणि बारीक रेघ लुकलुकते आहे. मास्तरांनी उघडलेलं खातं मागे जाताना पुसलं गेलं, उरलं ते तुझं. तू तेव्हा बटण दाबलं की सरळ उघडेल असं करून दिलं होतंस, म्हणून पासवर्ड नावाची वस्तू आत आहे हेच मला कधी कळलं नाही. या उलथापालथीत ते सरळ उघडणं गेलं. माझ्या सगळ्या पाट्यांची अक्षरं, नक्ष्या, मशीनला बोलतं करणारं ते सगळं त्या पट्टीच्या मागे आहे. आगीतून उठून फुफाट्यात पडलो.

मग मी अंदाज करायला लागलो. दुकानाचं नाव घातलं. तुझं घातलं. मुलीचं घातलं, तिचं लाडाचं नावही घातलं. लग्नाची तारीख घातली, उलटी घातली. तो म्हणतो चूक, चूक, आता थोडा वेळ थांबा. थांबलो, परत घातलं. मुलगी मागे येऊन कधी उभी राहिली मला कळलं नाही. किती वेळ बघत होती कोण जाणे. 'बाबा, माझं नाव अजून किती वेळा घालणार आहात?' म्हणाली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार, मी तोंडातल्या तोंडात मशीन, ऑर्डर, दुरुस्तीवाला असं काहीबाही बोललो. ती म्हणाली, 'तो कुणाचं नाव ठेवणारा माणूस नाही. त्याचा पासवर्ड म्हणजे अर्धं पान अक्षरं आणि आकडे असतील.' मी म्हटलं, मग वाढदिवस घालून बघू? 'माझा? तो त्याच्या लक्षात राहत असता तर बरंच काही झालं असतं.' असं म्हणून हसली, पण ते हसू मला आवडलं नाही.

नंतर तिने मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली, डाव्या हाताने पट्टी झाकून काहीतरी टाइप केलं. मला दिसू दिलं नाही. चूक आलं. ती पडद्याकडे बघत राहिली. सुटल्यासारखी वाटत होती की दुखावल्यासारखी, मला बापाला सांगता येणार नाही. तुमचं दोघांचं काय बिनसलं हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. तुम्ही दोघं शहाण्यासारखं समोर बसून 'आमचं नाही जमलं' म्हणालात. आता नाही जमलं यात मध्यस्थी करणारा माणूस काय करणार? कुणाला रागवायचं? मी पत्रा तिरका लागला तर चिमटा सैल करून पुन्हा लावतो. तुमच्यात मला चिमटाच सापडला नाही.

मग ती बोलायला लागली ती मात्र थांबेना. 'तुम्हाला मशीन नकोय बाबा, तुम्हाला तो परत हवाय. मास्तरांनी काहीही केलं तरी तुम्ही त्याच्यासारखं नाही म्हणून मागे टाकणार.' मी म्हटलं, मला माझं काम चालू हवंय, बाकी काही नको. 'मग त्यांना का नाही सांगितलं? चोरून का केलंत?' मी वायर उगाच काढून परत घातली. ही आतून म्हणाली, 'चहा ठेवलाय, भांडण आवरा.' आमच्या घरात सगळी भांडणं चहाला आवरतात, संपत मात्र नाहीत.

आणखी वैताग रविवारी झाला. मास्तर आले, त्यांनी निळं चित्र बघितलं, पट्टी बघितली, आणि मी बोलणी खायच्या तयारीने बसलो होतो तर म्हणतात कसे, 'चूक माझी, बाबा. मशीन कशावर चालतं ते आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.' आणि पुढे, 'ज्यांनी हे बसवलं त्यांनाच विचारा ना. नीट माणूस आहे, असं तुमची मुलगीच सांगते.' समजलं ना, असंही विचारलं नाही या वेळी. रागवायला जागाच ठेवत नाही हा माणूस. मी रात्रभर नीट तयार केलेली उत्तरं वाया गेली. मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या तोंडावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तुला हे लिहावं की नाही याचा विचार केला, पण पाटीवरून अक्षर गाळायची मला सवय नाही.

ते गेल्यावर ती म्हणाली, 'लिहायचंच असेल तर सगळं लिहा. नुसता पासवर्ड विचारू नका, त्याला ते बरं वाटणार नाही.' सगळं म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून कागद पुढे घेऊन बसतो आणि मशीनचंच लिहीत राहतो. बाकी बातम्या द्यायच्या तर हिचे गुडघे कुरकुरतात, जिना चढताना प्रत्येक पायरीला मला दोष देते. समोरच्या शिंप्याने दुकान विकलं, तिथे आता मोबाईल विकतात आणि दिवसभर गाणी लावतात. माझं औषध वाढवलंय. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. काळजीवरच्या गोळ्या लिहून देतात आणि काळजी करू नका म्हणतात.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. मागच्या आठवड्यात दुरुस्तीवाला घरी येऊन गेला. तो म्हणाला, 'काका, पासवर्ड नसला तरी चालेल. तुमचं सामान काढून घेतो, सगळं पुसतो, जुनीच सिस्टिम कोरी घालून देतो, संध्याकाळपर्यंत मशीन सुरू.' मी त्याला सांगितलं, थोडा थांब, एक पत्र यायचं आहे. घरी सांगितलं की त्याला एक वायर मिळत नाही. जी पाटी अडली आहे ती आपल्या मुलीची आहे. पुढच्या महिन्यात ती आणि मास्तर सही करून लग्न करणार आहेत, दोन खोल्या घेतल्या आहेत, आणि दाराची पाटी माझ्याकडूनच हवी असं दोघांनी सांगितलं आहे. पत्रा कापून, घासून, फडक्यात बांधून ठेवला आहे. तिचं नाव पूर्वी एकदा मी अशाच पत्र्यावर कोरलं होतं, शेजारी तुझं होतं, आणि वाचायला तिसरा तूच होतास. ती पाटी अजून तुझ्याकडे आहे की घर बदलताना टाकलीस ते मी विचारत नाही. पण हे तुला बाहेरून कुणाकडून तरी कळावं आणि तोपर्यंत मी तुझ्याच कॉम्प्युटरवर ते नाव दुसऱ्या नावाशेजारी कोरून मोकळा झालेला असावा, हे माझ्याने होत नाही. ही म्हणते, तो आता कोण लागतो की त्याला विचारायचं? तिचं बरोबर असेल. मला विचारायचंही नाही, सांगायचं आहे, आणि सांगून झाल्यावर तू काय म्हणतोस ते ऐकायचं आहे. पासवर्ड आठवत असेल तर लिही. आठवत नसेल तर तसं लिही. द्यावासा वाटत नसेल तर 'पत्र पोचलं' एवढे दोन शब्द लिही, मी दुरुस्तीवाल्याला बोलावीन आणि तुला कधी त्याबद्दल विचारणार नाही. पण काही न लिहिता राहू नकोस, मिस्त्री. मी मुलीकडे रोज वायरीच्या नव्या थापा मारतो आहे आणि तिला त्या कळतात. लवकर कळव.

तुझाच,
पाटीवाला म्हातारा
(बाबा म्हणत होतास, अजून म्हटलंस तरी चालेल)